मापबाईंचा मांडव

रडणारं मूल दिसलं की मापबाईंचा चेहरा खुलायचा. आपण बायका अशा वेळी मुलाला आधी गप्प करायला धावतो. कुणी खुळखुळा वाजवते, कुणी काऊ-चिऊ दाखवते. बाई मात्र समोर फतकल मारून बसायच्या आणि कौतुकाने ऐकत राहायच्या. मूल जितकं लालबुंद होईल तितक्या त्या प्रसन्न. "रडू द्या हो त्याला," म्हणायच्या, "रडतंय म्हणजे जागं आहे." नवखी बाई मनात म्हणे, शिकून शिकून हिचं डोकं फिरलंय. मी तर एकदा तोंडावरच म्हटलं होतं. पण ही सवय त्यांना उपजत नव्हती. आमच्या गावात आल्या तेव्हा रडक्या पोरांनी त्याही चारचौघींसारख्या कावून जायच्या. ही सवय त्यांना आमच्याकडे लागली, आणि ती कशी लागली तेच सांगायला बसले आहे.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायची मारामार आणि लुगड्याला ठिगळावर ठिगळ. आमचं गाव शहाद्याच्या अलीकडे, ब्राह्मणपुरीच्या वाटेवर. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. होळी होऊन गेली होती आणि एक दिवस शहाद्याहून येणाऱ्या बैलगाडीतून बाई उतरल्या. वयाने तिशीच्या आत, चष्मा, पायात पुरुषी चपला, बरोबर एक ट्रंक. मुंबईच्या विद्यापीठात एम. ए.साठी त्या प्रबंध लिहीत होत्या: खेड्यातली मुलं जन्मापासून पाच वर्षांची होईपर्यंत कशी वाढतात, यावर. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मामलेदारांनी शब्द टाकला होता, म्हणून त्यांची सोय आमच्या ओसरीलगतच्या खोलीत झाली. मी माहेरी सातवीपर्यंत शिकलेली. घरात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच, म्हणून त्यांची भाषा जिजीला आणि जिजीची अहिराणी त्यांना समजावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना जिजीच म्हणे.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात आबांचा कापसाचा काटा मागून घेतला, अंगणातल्या निंबाला टांगला आणि त्याला जाड कापडाची झोळी बांधली. मुलाला झोळीत बसवायचं, वजन बघायचं, मग फितीने उंची आणि डोक्याचा घेर. गावात बोंबाबोंब झाली. आमच्याकडे लहान मुलाला माप लावत नाहीत. माप लागलं की वाढ तिथेच खुंटते, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलेलं. जिजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरे काय कापूस शेतस, काटाले टांगाले?" बाईंनी समजावून पाहिलं. मुंबईच्या दवाखान्यात कसं रोज मोजतात ते सांगितलं. जिजी ढिम्म. शेवटी म्हणाली, "पहिले तू बस. तुले काही नही झायं, ते मंग पोरे बसतीन."

आणि बाई बसल्या. एम. ए.ला बसणारी, चष्मेवाली, चांगल्या घरची बाई अख्ख्या गावासमोर पाय दुमडून कापसाच्या काट्यावर बसली. दोन गड्यांनी काटा धरला, निंबाची फांदी करकरली, म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. एवढ्यावर भागलं नाही. महिनाभर जिजी त्यांना येता-जाता न्याहाळत होती की ही वाळते का. वाळल्या नाहीत, उलट आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीने जरा भरल्याच. मग मुलं बसू लागली. प्रत्येक मुलाचं माप झालं की बाई स्वतःच्या बोटाने त्याच्या तळपायाला काजळाचा टिपका लावत. "याने नजर जाते का मला माहीत नाही," मला हळूच म्हणाल्या, "पण आईची भीती जाते." त्या दिवसापासून गावात त्यांचं खरं नाव कुणी घेतलं नाही. मापबाई झाल्या त्या कायमच्या.

त्यांची दुसरी खोड म्हणजे मुलाला हात लावायच्या आधी त्या आईला विचारायच्या, "काल काय खाल्लंस?" बायका गोंधळायच्या. असं कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. कुणी उगाच वरण-भात सांगे, कुणी लाजून दाराकडे बघे. त्यातच जेमी असायची. जेमी मोलगीकडची, डोंगरातली. घरी भिली बोलणारी, पण वर्षानुवर्षं आमच्या शेतात येऊन आमची अहिराणी तिच्या तोंडात चांगली बसली होती. नवरा आमच्याकडे वर्षाच्या बोलीने सालदार, त्यामुळे त्या वर्षी ती गावाबाहेरच्या खोपटात राहायला आली होती. तिची पोरगी आठ-नऊ महिन्यांची, जावळाने डोकं झाकलेलं. जेमीला वजनाचं भारी वेड. "मन्ही पोर बसनी का तुन्हा काटा तुटी जाई, देखजो," म्हणायची आणि स्वतःच हसायची. खरंच, पावसाळाभर त्या पोरीइतकं कुणाचंच वजन वाढलं नाही. बाई तिला 'माझी पहिल्या नंबरची' म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि कापसाची वेचणी लागली. वेचणी म्हणजे पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत बायका शेतात. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी, मुलं बांधावरच्या झोळ्यांत. रडणारं मूल घेऊन कुणाला वेचता येत नाही, म्हणून आमच्याकडे बाळगोळीची रीत होती. शहाद्याच्या सरकारी ठेक्यावरून अफू यायची. जिजी ती गूळ-जायफळात मळून मुगाएवढ्या गोळ्या करायची आणि सकाळी अंगणात वेचणाऱ्या बायकांना आपल्या हाताने वाटायची. तिला तो धर्मच वाटे. दुसरे मालक बायकांना गोळी विकत आणायला लावत; जिजी घरची देई, वर प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून हात फिरवे. घरात कामाची गर्दी असली की माझ्या मुलाला, मधूलाही एखादी मिळे. त्यात काही वावगं आहे असं मला किंवा आणखी कुणाला वाटलंच नाही. तूप खावं तशी ती गोळी होती.

बाईंना हे कळलं ते माझ्याकडून. वेचणी लागून थोडे दिवस झाले होते, आणि त्यांनी मला विचारलं, "वहिनी, सगळ्यांची वजनं अचानक का थांबली? जेमीच्या पोरीचं तर उतरलंय. आणि दुपारी शेतावर गेले तर एवढी मुलं, पण एकही रडत नाही." मी सहज सांगितलं, गोळी देतात ना. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. त्या रात्री जेवल्या नाहीत. अपचन झालं असेल असं मी समजले.

पंधरवड्याने त्यांचे प्राध्यापक मुंबईहून आले. बाईंनीच त्यांना कळवून बोलावलं होतं. नंदुरबार स्टेशनापासून धूळ खात आलेला तो सज्जन माणूस ओसरीवर बसला, आणि मी चहा घेऊन गेले तर दोघांचं हलक्या आवाजात चाललेलं. मला त्या वेळी नीट उलगडलं नाही, पण शब्द कानात राहिले. ते म्हणत होते, "वर्ष पुरं होऊ द्या. एका गावात गोळी चालू असतानाचं आणि वेचणी संपून ती बंद झाल्यानंतरचं माप नीट मिळालं, तर सरकारपुढे ठेवता येईल. ठेके बंद करायला लावता येतील. अर्ध्यात तोंड उघडलंत तर सगळं नासेल. तिथे हळहळ चालत नाही, पुरावा लागतो." बाई म्हणाल्या, "पण सर, मुलं रोज गुंगीत असतात." ते म्हणाले, "ती आधीही होतीच ना. तुम्ही नव्हता तेव्हाही."

तो माणूस दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्याच्या डोळ्यांपुढे खानदेशातली सगळी गावं होती. आणि बाईंनी त्यांचं ऐकलं. कुणालाही काही न बोलता त्या मापं घेत राहिल्या, काजळाचे टिपके लावत राहिल्या. फक्त हसेनाशा झाल्या. सकाळी जिजी गोळ्या वाटायला लागली की खोलीचं दार लोटून घ्यायच्या.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी जेमी वेचता वेचता पोरीला पाजायला बांधावर आली. पोरगी झोपलेलीच. तिने तिला उचललं, गालाला गाल लावला, हलवलं. मग तिथेच मातीत बसली. आम्ही धावत गेलो तेव्हा ती पोरीच्या तळपायाचा काजळाचा टिपका अंगठ्याने पुसत होती. सकाळी जिजीने दिली होती ती गोळी, आणि बहुतेक पोरगी किरकिरली म्हणून जेमीने आदल्या दिवशीची राखलेली आणखी एक दिली असावी.

संध्याकाळी माती देऊन लोक परतले. बाई जेमीच्या खोपटाशी गेल्या, मागोमाग मी. बाईंनी तिच्यासमोर बसून अफूचं सगळं सांगितलं: गोळीने भूक मरते, श्वास मंदावतो, मूल झोपेतच जातं. अडखळत सांगितलं, आणि मी ते अहिराणीत सांगत गेले. जेमी ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"तुले माहीत व्हतं?"

बाईंना ते समजायला माझी गरज लागली नाही. "हो," त्या म्हणाल्या. "माहीत होतं."

जेमी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको सामान डोक्यावर घेऊन मोलगीकडे निघून गेली. आणि माझ्या डोक्यात मग प्रकाश पडला. खोपटावरून आलो त्याच रात्री मी बाईंना विचारलं होतं, "म्हणजे माझ्या मधूलाही देत होते तेव्हा तुम्ही बघत होतात?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. एका छपराखाली राहत होतो आम्ही. मधूला त्या मांडीवर घेऊन बडबडगीतं म्हणत. मी त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज मी त्यांच्यावर एवढं प्रेमाने लिहिते आहे, पण तो राग पुरता गेला असं म्हणवत नाही.

बाईंनी मात्र त्यानंतर गप्प बसणं सोडलं. दुसऱ्याच सकाळी, सगळ्या बायका अंगणात जमलेल्या असताना, त्यांनी जिजीचा हात धरला. "जिजी, या गोळ्या देऊ नका. याने मुलं मरतात." जिजीने हात सोडवून घेतला. "मी काय इख देस का पोरेसले? मन्हा समदा पोरे ह्याच गोळीवर मोठा झायात." सगळी नव्हती झाली. दोन मुली पाळण्यातच गेल्या होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं, पण त्या शब्दानेही बोलल्या नाहीत. जिजीने त्यांची ट्रंक स्वतः उचलून अंगणात ठेवली. बाकीच्या बायकाही बाईंच्या बाजूच्या नव्हत्या. एकीने रोखठोक विचारलं, "गोळी नही दी ते पोर कोन सांभाळी? तू?"

"मी," बाई म्हणाल्या.

मापबाईंचा मांडव उभा राहिला तो असा. शेताच्या कडेला चिंचेखाली चार मेढी, वर तुरीच्या काड्या, खाली गोणपाट. शेजारच्या खळ्यातल्या कोठडीत त्या राहायला गेल्या. पहिले दोन दिवस मांडवात त्या एकट्याच बसून होत्या, शेतातल्या बायका लांबून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मी मधूला कडेवर घेतलं. बोलणं अजून बंदच होतं माझं. जिजी दारात उभी होती. "कोठे ली जास त्याले?" मी म्हटलं, "मांडवमा, जिजी. तो आते जागाच ऱ्हाई." तिने वाट सोडली. मी मधूला नेऊन बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि तिथेच बसले. मधूने गळा काढला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना रडणारं मूल आवडू लागलं.

बायका हळूहळू आल्या. गोळी सुटलेली मुलं पहिले दिवस अशी रडत की शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. आबा वैतागून म्हणत, "हाई काय जत्रा लायी शे?" बाई एकाला खांद्यावर, एकाला मांडीवर, एकाला पायावर घेऊन बसत, नागलीची पेज भरवत. स्वयंपाकाच्या बाबतीत सगळा आनंदच होता. त्यांच्या पेजेच्या गुठळ्या मीच फोडायचे. केस विस्कटलेले, पातळावर पोरांच्या लाळेचे डाग, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. विद्यापीठाने त्यांना असं पाहिलं असतं तर ओळख दिली नसती.

पुढच्या वेचणीच्या सुरुवातीला एका दुपारी जिजी मांडवात आली. हातात दुधाची चरवी होती. ती खाली ठेवून बराच वेळ पोरांकडे बघत उभी राहिली. मग बाईंच्या जवळ बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्ह्या दोन गयात. त्या बी कापूसनाच दिनमा. त्या बी गोळीनीच गयात का?"

बाई काय म्हणणार ते मला कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, "जिजी, मी तेव्हा नव्हते. मी बघितलं नाही ते मी सांगू शकत नाही." जिजीने पदर डोळ्यांवर ओढला. चरवी तिथेच ठेवून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दूध येऊ लागलं. घरातली गोळीची वाटी नंतर मला कुठेच दिसली नाही.

प्रबंध अर्थातच बुडाला. मापं अर्धवट, त्यात बाईंनीच हात घातलेला. विद्यापीठाने तो स्वीकारला नाही, शिष्यवृत्तीही थांबली. प्राध्यापकांना वाईट वाटलं असणार. पलीकडच्या गावांत ठेक्यावरची अफू त्यानंतरही कितीतरी वर्षं जात होती, तिथल्या बांधांवर मुलं गुपचूप निजत होती. बाई थांबल्या असत्या, पुरावा पुरा झाला असता, तर ते लवकर बंद झालं असतं का? की सरकारने तो कागद कुठल्याशा कपाटात टाकला असता? मी म्हातारी झाले, मांडवाचीच पुढे झालेली बालवाडी चालवता चालवता मधूच्या मुलांनाही शाळेत घातलं, पण याचं उत्तर मला सापडलं नाही. बाईंनाही सापडलं नव्हतं. "मी दोन्हीकडे उशीर केला," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या.

तिसरी वेचणी लागली आणि बाईंना हिवतापाने धरलं. क्विनाइन लढाईवर गेलेलं, मिळेना. अंगात कापरं भरलं तरी मांडवात येऊन बसायच्या. शेवटी त्यांचे भाऊ न्यायला आले. जाताना त्यांनी मला काटा आणि झोळी सोपवली. पुढे दोन-तीन वर्षं त्यांची पत्रं येत होती, प्रत्येकात पहिली ओळ 'मुलं रडताहेत ना?' मग एकदा बाई वारल्याचं त्यांच्या भावाचं कार्ड आलं.

पण मला त्या आठवतात त्या निघतानाच्या. सकाळची वेळ. बैलगाडी जुंपून उभी, जिजीने बांधून दिलेली दशमी गाडीत ठेवलेली, भाऊ घाई करत होते. बाई घोंगडी लपेटून मांडवाच्या मेढीला टेकून बसल्या होत्या. तेवढ्यात डोंगराच्या वाटेने एक बाई येताना दिसली. जवळ आल्यावर ओळखलं. जेमी होती. पावलं धुळीने भरलेली, कडेवर नवी पोरगी, तसंच जावळ. गेल्या वेचणीला ती आली नव्हती, कधी निरोपही नव्हता.

ती सरळ बाईंसमोर आली. बाई मेढीला धरून उठल्या. जेमीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पोरगी कडेवरून उतरवून त्यांच्या पुढे धरली.

"हाई जागी शे," ती म्हणाली. "मोज."

मी काटा टांगला. बाईंनी पोरीला झोळीत ठेवलं, काटा मी धरला, वजनही मीच वाचलं. त्यांनी काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि पोरीच्या तळपायाशी नेऊन थांबल्या, जेमीकडे बघत. जेमीने पोरीचा पाय धरून तो त्यांच्या बोटाला टेकवला. तेवढ्यात पोरीने तोंड वासलं आणि अख्ख्या शिवारात ऐकू जाईल असं रडायला सुरुवात केली. जेमी, जिजी, मी, आम्ही सगळ्या तिथेच उभ्या होतो. तिला गप्प करायला कुणीच पुढे झालं नाही.